लहान मुलांचा संधिवात

मावळांतील पावसाळा ज्यांनीं अनुभविला आहे त्यांस तेथील ओलीचें वर्णन करून सांगावयास नको. लोणावळ्यास कपडे चार चार दिवस वाळत नाहींत, आणि म्हाताऱ्या माणसांचे गुडघे ठणकूं लागतात. म्हणून आमच्या शेजारची सहा वर्षांची मुलगी सकाळीं लंगडत उठूं लागली, तेव्हां तिच्या आजीनें 'गारठा बाधला' म्हणून तेल चोळलें यांत नवल नाहीं. दहा वाजतां मुलगी अंगणांत धांवूं लागे. पस्तीस वर्षें मुलांत काढलेला मी मास्तर. शाळा चुकविण्याची ही युक्ति असावी, असें मीही म्हणालों. ती माझी चूक होती, आणि म्हणूनच हा विषय आज आपणांपुढें मांडीत आहें.

श्रोतेहो, संधिवात हा केवळ म्हातारपणाचा रोग नव्हे. सोळा वर्षांच्या आंत सुरू झालेला, निदान सहा आठवडे टिकलेला आणि दुसरें कारण न सांपडलेला जो सांध्यांचा दाह, त्यास आज 'जुव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस' म्हणतात. लंडनचे डॉ. जॉर्ज स्टिल यांनीं १८९७ सालीं अशा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें होतें. गारठा हें या रोगाचें कारण नव्हे. शरीराचें रक्षण करणारी यंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजतें, आंत पाणी सांठतें, आणि रात्रभर न हललेला सांधा सकाळीं आखडलेला असतो. हालचालीनें तो सुटतो. सकाळचें लंगडणें आणि दुपारचें धांवणें हें ढोंग नसून रोगाचें लक्षण आहे.

पुढें गुडघा उघड सुजला, तेव्हां मुलीस रेल्वेनें ६४ किलोमीटरांवरील पुण्यास रुग्णालयांत नेलें. हा रोग निश्चित करणारी एकच एक परीक्षा नाहीं. त्यामुळें सांध्याचा क्षय, जंतुसंसर्ग व रक्ताचे विकार नाहींत याची आधीं खात्री करावी लागते. नंतर सांध्यांतील पाणी काढून आंत स्टेरॉइड औषध टोंचलें. या जातीचें औषध संधिवाताच्या रोग्यास प्रथम १९४८ सालीं अमेरिकेंत डॉ. फिलिप हेन्च व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दिलें होतें.

त्यानंतर मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या सुरू झाल्या. संधिवातावर हें औषध आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें असतें. चुकून रोज दिलें गेलें तर प्राणावर बेततें. म्हणून मुलीच्या आईनें भिंतीवरील दिनदर्शिकेंत प्रत्येक रविवारावर खूण केली, आणि गोळी दिल्यावर तेथेंच सही करण्याचा नियम ठेविला. रक्ताची व यकृताची तपासणीही ठराविक काळानें होऊं लागली.

चार महिन्यांत सूज ओसरली. वडिलांचें चिक्कीचें दुकान. पुण्याच्या प्रत्येक फेरीस एका दिवसाची विक्री बुडे. 'मुलगी बरी आहे, आतां कशाला जावयाचें?' असें त्यांस वाटूं लागलें. आईनें हट्ट धरला म्हणून डोळ्यांच्या तपासणीची तारीख चुकली नाहीं. डोळे लाल नव्हते, दुखत नव्हते. मुलगी पुस्तकही वाचीत होती. तरी नेत्रवैद्यांनीं स्लिट लॅम्प नांवाच्या यंत्रांतून पाहिलें, तों दोन्ही डोळ्यांत दाह सुरू झालेला! या रोगांत डोळ्यांचा दाह असाच गुपचूप येतो, आणि सांधे शांत असतांनाही येतो. उपेक्षा झाली तर मोतीबिंदु, काचबिंदु, प्रसंगीं अंधत्व. वेळीं औषध मिळाल्यानें या मुलीची दृष्टि वाचली.

तात्पर्य, वेदना थांबली म्हणून औषध व तपासणी आपल्या मतानें थांबवूं नये. औषध कधीं कमी करावयाचें तें डॉक्टरांनीं ठरवावें. डोळे तर त्यांनीं सांगितल्याप्रमाणें, जोखमीनुसार तीन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या अंतरानें, तपासून घ्यावे.

आणि एखादें मूल सकाळीं लंगडतांना दिसलें, तर त्यास लबाड म्हणण्यापूर्वीं त्याचे दोन्ही गुडघे उघडे करून एकमेकांशीं ताडून पाहा. मीं तें केलें नाहीं. आपण करावें, एवढीच विनंती.