गाडीला जादा काटे

मोटारीत चालकासमोर काही काटे असतात आणि काही दिवे असतात. वेगाचा काटा सगळ्यांना ठाऊक आहे. डिझेलचा काटाही ठाऊक आहे, कारण त्याचा संबंध खिशाशी! पण इंजिनाच्या जिवाशी संबंध असलेल्या दोन गोष्टी पुष्कळ गाड्यांत नीट दिसतच नाहीत. एक म्हणजे इंजिनातील ऑइलचा दाब. दुसरी म्हणजे इंजिनातील पाण्याची उष्णता.

ऑइलसाठी बहुधा एक तांबडा दिवा असतो. चावी फिरवली की पेटतो, इंजिन चालू झाले की विझतो. हा दिवा खोटे बोलत नाही, पण फार उशिरा बोलतो. दाब अगदी तळाला गेला म्हणजेच तो पेटतो. समजा, वडापाची भरलेली जीप खंबाटकीचा घाट चढते आहे. ऑइल कमी होत होत दाब उतरत चालला आहे. दिवा गप्प. मग एकदम दिवा पेटतो. चालकाचे लक्ष जाऊन गाडी कडेला लागेपर्यंत बेरिंगा कोरड्या घासतात आणि इंजिन जाम होऊ शकते. मग इंजिन खोला, क्रँक घासून आणा, बेरिंगा नव्या घाला. गाडी गॅरेजात आणि हप्ता मात्र चालू.

पाण्याचे तसेच. पुष्कळ नव्या मोटारींत पाण्याचा काटा असतो, पण तो मधोमध बसून राहतो. पाणी ८५ अंशांवर असो की १०० वर, काटा तिथेच. कंपन्यांनी तो मुद्दाम तसा केलेला असतो, म्हणजे गिऱ्हाईक उगाच घाबरत नाही. जुन्या जीपगाड्यांत काटा असतो, पण पुष्कळदा तो केव्हाच बंद पडलेला असतो.

म्हणून काही चालक बाजारातून दोन काटे आणून बसवतात. हे काटे मनगटी घड्याळापेक्षा थोडे मोठे, गोल असतात. बहुतेकांची रुंदी ५२ मिलीमीटर, म्हणजे सुमारे २ इंच. ते बसवायला प्लास्टिकची खोलगट वाटी मिळते. दुकानात तिला पॉड म्हणतात. एका काट्याची मिळते, दोन-तीन काट्यांचीही मिळते.

वाटी कोठे बसवावी? आमच्या मते हाच पहिला प्रश्न आहे, आणि लोक तो शेवटी विचारतात. समोरच्या काचेच्या कडेला जो खांब असतो, त्यावर वाटी बसवायची हौस पुष्कळांना असते. दिसायला झोकदार दिसते खरी. पण त्या खांबाआड आधीच थोडा रस्ता झाकला जातो. त्यात वाटी आली की वळणावरचा सायकलवाला दिसत नाही. शिवाय काही नव्या मोटारींत या खांबाच्या आत एअरबॅग असते. अपघातात ती फुगली तर वरची वाटी गोळीसारखी तोंडावर येईल. स्टिअरिंगच्या मध्यावर किंवा शेजारच्या माणसासमोर जेथे एअरबॅग असेल, तेथेही काही लावू नये. गुडघा आपटेल अशी जागाही नको.

मग जागा कोणती? जुन्या जीपला बहुधा डॅशबोर्डावर, स्टिअरिंगच्या डाव्या हाताची जागा बरी पडते. आधी भोके पाडू नका. वाटी चिकटपट्टीने लावा, आपल्या जागी बसा, दोन्हीकडे वळून बघा. रस्ता झाकत नाही ना? मान न वळवता काटा दिसतो ना? एक दिवस तशीच गाडी चालवा. मग स्क्रू मारा.

आता ऑइलचा काटा. त्याचे दोन प्रकार असतात. एका प्रकारात बारीक नळीतून इंजिनाचे ऑइलच थेट काट्यापर्यंत येते. स्वस्त आणि भरवशाचा खरा. पण नळी चिरली तर तापलेले ऑइल चालकाच्या पायावर. दुसऱ्या प्रकारात इंजिनावर एक सेन्सर बसतो आणि आत फक्त वायर येते. बसायच्या गाडीत आम्ही दुसराच घेऊ. काट्याबरोबर आलेलाच सेन्सर वापरावा. दुसऱ्याचा लावला तर काटा भलतेच दाखवतो.

तांबड्या दिव्याचा स्विच जेथे असतो, तेथे टी घालून जुना स्विच आणि नवा सेन्सर दोन्ही बसवतात. दिवा काढून टाकू नये, तो राहू द्यावा. टीचे आटे मात्र नीट पाहून घ्या. एकाच मापाच्या दोन जाती असतात. एकीला इंचात २७ आटे, दुसरीला २८. डोळ्याला फरक दिसत नाही. पाना जोरात फिरवला की भलती टीही बसल्यासारखी वाटते आणि पुढे ऑइल पाझरते. नळाला गुंडाळतात ती पांढरी फीत इथे भरमसाट गुंडाळू नका. पुष्कळ सेन्सरांना अर्थिंग आट्यांतूनच मिळते, ते तुटते. आणि टीवर टी चढवून लांब शेपूट करू नका. इंजिनाच्या हादऱ्याने ते मोडते.

पाण्याचा सेन्सर रेडिएटरच्या वरच्या रबरी नळीत, धातूचा जोड घालून बसवता येतो. हे काम इंजिन पूर्ण गार झाल्यावरच करावे. रबरामुळे या जोडाला अर्थिंग मिळत नाही, म्हणून त्याला वेगळी वायर लागते.

वायरींचे काम सुरू करण्याआधी बॅटरीची उणे बाजूची वायर सोडावी. काट्याला बहुधा चार वायरी असतात: एक चावीनंतरच्या करंटची, एक अर्थिंगची, एक आतल्या दिव्याची आणि एक सेन्सरची. करंट जेथून घ्याल तेथेच लहान फ्यूज घाला. पाच-दहा रुपयांची ही वस्तू वाचवायला जाऊ नका. इंजिन आणि चालक यांच्यामध्ये पत्रा असतो. त्याच्या भोकातून वायर जाते, तेथे रबरी कडी हवीच. नाहीतर पत्र्याची धार वायर सोलते, ठिणगी पडते आणि गाडी पेटते. सायलेन्सरच्या पाइपापासून आणि पायातल्या पॅडलांपासूनही वायर लांब बांधा.

काटे बसले. आता वाचायचे कसे?

ऑइलच्या काट्यावर इंग्रजीत पी एस आय अशी तीन अक्षरे असतात. एका चौरस इंचावर किती पौंड दाब, असा त्यांचा अर्थ. जुन्या मिस्त्रींचा एक ठोकताळा आहे: गरम इंजिनाच्या मिनिटाला १००० फेऱ्यांमागे १० पौंड दाब हवा. गार इंजिनात दाब जास्त दिसतो, त्याला भिऊ नये. पाणी बहुतेक इंजिनांत ८० ते ९५ अंशांत राहते. घाटात थोडे चढते आणि उतारावर परत येते.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. पाण्याचा काटा चढता चढता एकाएकी खाली आला, तर इंजिन गार झाले असे समजू नका. नळी फुटून पाणीच निघून गेले असेल! सेन्सरला पाणी लागत नसेल तर त्याला उष्णता नीट कळत नाही. अशा वेळी गाडी थांबवून इंजिन बंद करा. रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नका. झाकणाखाली दाब असतो, उघडताच वाफ आणि पाणी अंगावर उसळते.

पहिले आठ दिवस वहीत आकडे लिहून ठेवा. सकाळी गार इंजिनाचा दाब, गरम झाल्यावरचा दाब, घाटमाथ्यावरचे पाणी. तुमच्या गाडीचे नेहमीचे आकडे तेच. पुढे काटा त्यापेक्षा पाच-दहा आकड्यांनी सरकला, की वही घेऊन मिस्त्रीकडे जा.