सासूबाईंचा चिल्लरचा डबा

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात चिल्लरचा एखादा डबा असेलच. तांदळाच्या पिंपामागे नाहीतर देवघराच्या खणात! भाजीतून उरलेले, वाण्याकडून परत आलेले सुटे पैसे आपण त्यात टाकतो आणि विसरून जातो. असाच एक पत्र्याचा डबा माझ्या सासूबाईंचा. पौडला घरी म्हशी होत्या तेव्हा रतिबाच्या दुधातून उरलेली नाणी त्या त्यात टाकायच्या. कुणाला हिशेब द्यायला नको, असे हे त्यांचे एकटीचे पैसे.

गेल्या दिवाळीत त्या म्हणाल्या, ‘‘अगं, हे माझ्या खात्यात भरून ये. नातीला पैंजण करायचेत.’’ डबा पिशवीत घालून मी आमच्या तालुक्यातल्या एका बँकेच्या शाखेत गेले. सात-आठ किलोचे ओझे! खिडकीवरच्या गृहस्थांनी पिशवीकडे पाहिले आणि म्हणाले, ‘‘ताई, एवढी चिल्लर इथं घेत नाहीत. एखाद्या दुकानदाराला द्या.’’ मीही मुकाट्याने परत आले. सासूबाईंनी एवढेच विचारले, ‘‘माझे पैसे ते पैसे नाहीत का गं?’’

तो प्रश्न मला झोपू देईना. मग मी नियम शोधून वाचले. तुम्हालाही उपयोगी पडतील म्हणून सांगते.

रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना बजावले आहे की, कोणत्याही शाखेने ग्राहकाने आणलेली नाणी नाकारू नयेत. ती बदलून द्यावीत किंवा खात्यात जमा करून घ्यावीत. आपल्या खात्यात किती नाणी भरावीत याला मर्यादा नाही. मर्यादा आहे ती देण्याघेण्याच्या व्यवहारात. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी १,००० रुपयांपर्यंतच घेणे समोरच्यावर बंधनकारक आहे, आणि अधेल्या फक्त १० रुपयांपर्यंत. म्हणजे दुकानदार एका मर्यादेनंतर ‘नको’ म्हणू शकतो. बँकेत भरणा करताना ही अडचण नाही.

मात्र बँकेची बाजूही समजून घ्यायला हवी. नाणी मोजायला माणूस लागतो, ठेवायला जागा लागते. आपल्या शिर्डीचेच उदाहरण घ्या. साईबाबांच्या चरणी येणारी नाणी एवढी साठली की २०२३ च्या एप्रिलमध्ये तिथल्या काही राष्ट्रीयीकृत बँकांनी ‘ठेवायला जागाच नाही’ म्हणून ती घेणे थांबवले, आणि संस्थानाला रिझर्व्ह बँकेकडे दाद मागण्याची भाषा करावी लागली. आपला डबा त्यामानाने केवढासा! पण काम सोपे करून दिले तर ते लवकर होते.

म्हणून मी घरी सतरंजीवर नाणी ओतली. लेकीला हाताशी घेतले आणि रुपया, दोन, पाच, दहा असे वेगळे ढीग केले. शंभर-शंभर नाण्यांच्या पारदर्शक पिशव्या भरल्या. रिझर्व्ह बँकेनेही अशा पिशव्याच सोयीच्या म्हटल्या आहेत, शिवाय नाणी वजनावरही घेता येतात. दहाच्या नाण्यांची तऱ्हा वेगवेगळी दिसली तरी घाबरू नका. २०१८ च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेने चौदाही प्रकारची नाणी चालतात असे जाहीर केले होते. रुपयाचे चिन्ह असलेले आणि नसलेले, दोन्ही खरे.

चौदा पिशव्या, वरचे सुटे आणि यादी घेऊन मी दुपारी, गर्दी नसताना गेले. पुन्हा नकारघंटा सुरू झाली तशी सरळ मॅनेजरसाहेबांकडे गेले. आवाज न चढवता म्हटले, ‘‘घेता येत नसतील तर कारण लिहून द्या.’’ पाऊण तास लागला. ४,२८२ रुपये सासूबाईंच्या खात्यात जमा झाले. जमा नसतेच झाले तर मी बँकेकडे लेखी तक्रार दिली असती. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, आणि त्याला एक पैसाही पडत नाही.

एक गोष्ट मात्र मला परत आणावी लागली. डब्याच्या तळाशी ९२ पावल्या होत्या. चार आणे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली; २९ जूनपर्यंत बँका बदलून देत होत्या. अधेली अजून चालते, पावली नाही. तेवीस रुपये काही फार नव्हेत, पण सासूबाई त्या पावल्या तळहातावर घेऊन बराच वेळ बसून राहिल्या. ‘‘एकेक पावशेर दुधाची आहे गं,’’ म्हणाल्या.

आता त्या पावल्या मी शाळेत नेते. चार पावल्या म्हणजे रुपया, हे दाखवून मुलांना अपूर्णांक शिकवते.

तेव्हा मैत्रिणींनो, दर दिवाळीच्या साफसफाईत भांड्यांबरोबर तो डबाही रिकामा करा. आणि घरातल्या म्हातारीच्या डब्यालाही जरा हात लावा. तिच्या कष्टाचे पैसे पैसे असतानाच तिच्या नावावर पडू देत.