पारा तीनशेवर जाईपर्यंत

२९ ऑक्टोबरच्या जागतिक स्ट्रोक दिनानिमित्त लक्षणांच्या याद्या पुन्हा छापून येतील. त्या वाचकांना पाठ आहेत. ब्रेन हॅमरेजने कुणी गेलं की ‘सकाळपर्यंत तर ठणठणीत होते हो’ असं आपल्याकडे म्हणतात, ते मात्र मला पटत नाही. त्याला कारण आहे अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा मृत्यू.

१२ एप्रिल १९४५. जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्जमध्ये ते चित्रकर्तीसमोर बसले होते. दुपारी एकच्या सुमारास डोक्याच्या मागच्या बाजूला भयंकर कळ आली आणि शुद्ध हरपली. हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांनी बीपी घेतलं, ३००/१९०. पुढे उजव्या डोळ्याची बाहुली विस्फारली. ३ वाजून ३५ मिनिटांनी सगळं संपलं.

मेंदूत खोलवर अगदी बारीक धमन्या असतात. वर्षानुवर्षं चढलेल्या दाबाने त्यांच्या भिंती जीर्ण होतात आणि एक दिवस एखादी फुटते. साचलेल्या रक्ताला कवटीत जागा नसते, मग ते मेंदूलाच रेटतं. बाहुली आवळणारी नस चेपली की बाहुली मोठी होते. त्याच्याही खाली, मेंदूच्या देठात, श्वासाचं केंद्र असतं. दाब तिथे पोचला की श्वास थांबतो.

ब्रुएन यांनी रूझवेल्टना पहिल्यांदा तपासलं मार्च १९४४ मध्ये. तेव्हाच बीपी १८६/१०८ होतं, हृदय वाढलेलं होतं. पण अध्यक्षांचे मुख्य डॉक्टर रॉस मॅकिंटायर, मूळचे कान-नाक-घसा तज्ज्ञ, जगाला सांगत राहिले की प्रकृती उत्तम आहे. तेराव्या महिन्यात रूझवेल्ट गेले. ब्रुएन यांनी या नोंदी प्रसिद्ध केल्या त्या थेट १९७० मध्ये. मला हे लपवणं अक्षम्य वाटतं. तरी त्या डॉक्टरांच्या हाती होतं काय? कमी मीठ, विश्रांती, गुंगी आणणारं फेनोबार्बिटल. बीपी खात्रीने उतरवणारं सोसवेलसं औषधच नव्हतं.

आज अ‍ॅम्लोडिपिनची गोळी कुठल्याही मेडिकलमध्ये स्वस्तात मिळते. आणि आपण ‘आता बरं वाटतंय’ म्हणून ती परस्पर बंद करतो!

आणखी एक. स्ट्रोकचा झटका आला तर घरच्या घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नका. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही आणि रक्तस्रावात अ‍ॅस्पिरिन घातक ठरू शकतं. १०८ ला फोन करा, स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा. आणि घरात बीपीची गोळी कुणी थांबवली असेल, तर आजच त्यांना डॉक्टरांकडे न्या.