पानाच्या समासात काय लिहायचं?

गेल्या सप्टेंबरात मी न्यू जर्सीला बहिणीकडे होते. भाचीची बारावी सुरू होऊन तीनच दिवस झाले होते. संध्याकाळी तिने दप्तरातून चार पानं काढून आईपुढे ठेवली आणि म्हणाली, ‘‘सही हवीय, उद्या द्यायचंय.’’ बहीण नुकतीच ऑफिसातून आली होती. कुकर लावता लावता तिने सही केली. पानं टेबलावरच राहिली, म्हणून मी ती वाचायला घेतली.

साहित्याच्या वर्गाचा तो करारनामाच होता. विषयाचं नाव ‘एपी इंग्लिश लिटरेचर अँड कॉम्पोझिशन’. कोणती कादंबरी, कोणतं नाटक, कोणत्या तारखेपर्यंत वाचून यायचं. निबंध उशिरा दिला तर दर दिवसाला दहा टक्के गुण जाणार. वर्गात चाळीस मिनिटांत लिहिलेला निबंध घरी नेऊन पुन्हा लिहिता येणार. कथेचा सारांश देणाऱ्या वेबसाइटवरून उचललं तर शून्य. एआयकडून एक परिच्छेद जरी लिहून घेतला तरी शून्य आणि घरी फोन. एक नियम मात्र मी दोनदा वाचला. प्रत्येक पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने नोंदी केलेल्या असल्या पाहिजेत. समास कोरा असेल, तर पुस्तक वाचलेलं नाही असं धरलं जाईल.

पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करायचा, हे शिकत माझी पिढी वाढली. पुस्तकावर लिहिणं तर दूरच. त्यामुळे हा नियम मनात राहिला, आणि पुढचे दोन महिने मी भाचीच्या मागे लागून तो वर्ग समजून घेतला.

एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट. शाळेत असतानाच कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा अभ्यास करायचा, मे महिन्यात देशभर एकाच वेळी होणारी परीक्षा द्यायची आणि १ ते ५ यांपैकी गुण मिळवायचा. ३, ४ किंवा ५ मिळाले तर अनेक कॉलेजं तो विषय झाला असं मानतात किंवा पुढच्या वर्गात बसवतात. नेमकं काय मान्य करायचं हे प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवतं. या कल्पनेची मुळं १९५०च्या सुरुवातीच्या वर्षांत आहेत. शाळेची शेवटची दोन वर्षं आणि कॉलेजची पहिली दोन वर्षं यांत हुशार मुलं तेच ते शिकतात, अशी तक्रार होती. अँडोव्हर, एक्सेटर, लॉरेन्सव्हिल या खाजगी शाळा आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन या विद्यापीठांतल्या शिक्षकांनी एकत्र बसून त्यावर अहवाल लिहिला. १९५५ मध्ये कॉलेज बोर्ड या संस्थेने हा कार्यक्रम हाती घेतला. मूठभर श्रीमंत शाळांसाठी निघालेली ही गोष्ट आज अमेरिकेतल्या साध्या सरकारी शाळांतही पोचली आहे, आणि मला ती याच कारणासाठी मोलाची वाटते.

आपल्या बोर्डाच्या सवयीने पाहिलं तर एक गोष्ट पटकन पचत नाही. या विषयाला नेमलेलं पुस्तकच नाही. कॉलेज बोर्ड कौशल्यं सांगतं, पुस्तकांची सक्ती करत नाही. पुस्तकं शिक्षक निवडतात आणि आपला अभ्यासक्रम मंजुरीसाठी कॉलेज बोर्डाकडे पाठवतात. परीक्षेच्या पहिल्या तासात गद्याचे आणि कवितांचे पाच उतारे येतात आणि त्यांवर ५५ बहुपर्यायी प्रश्न असतात. मग दोन तासांत तीन निबंध: एक न पाहिलेल्या कवितेवर, एक न पाहिलेल्या कथात्म उताऱ्यावर आणि तिसरा मुलाने स्वतः निवडलेल्या कादंबरीवर किंवा नाटकावर. निबंधांचं वजन ५५ टक्के. आपल्याकडे रसग्रहण बहुधा पुस्तकात असलेल्याच कवितेचं विचारतात, त्यामुळे ते गाईडमधून पाठ करता येतं. इथे समोर येणारी कविता कोणाच्याच गाईडमध्ये नसते. मूल आणि ती कविता, मध्ये कोणी नाही.

या पद्धतीचं मूळ थेट केंब्रिजच्या वर्गापर्यंत नेता येतं. आय. ए. रिचर्ड्स यांनी तिथल्या विद्यार्थ्यांना कवीचं नाव आणि काळ काढून टाकलेल्या कविता दिल्या आणि काय वाटलं ते लिहायला सांगितलं. चांगली शिकलेली मुलंही साधा अर्थ चुकवत होती, ठरीव भावना कवितेवर लादत होती. त्या नोंदींवरून त्यांनी १९२९ मध्ये ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हे पुस्तक लिहिलं. नंतर क्लीअँथ ब्रुक्स आणि रॉबर्ट पेन वॉरन यांच्या १९३८ च्या ‘अंडरस्टँडिंग पोएट्री’ने हीच दृष्टी अमेरिकेतल्या वर्गांत रुजवली. कवीचं चरित्र, काळ, चळवळ यांच्याकडे वळण्याआधी पानावरचे शब्द नीट वाचायचे. या दृष्टीवर पुष्कळ टीका झाली आणि त्यातली बरीच रास्त आहे. शब्द हवेत जन्मत नाहीत. पण सतरा वर्षांच्या मुलाने आधी शब्द पाहावा, मग समाज, हा क्रम मला योग्य वाटतो. उलट क्रमाने शिकलेली मुलं कविता न वाचताच तिच्याबद्दल बोलायला शिकतात.

भाचीला तिसऱ्या निबंधासाठी एक पुस्तक स्वतः निवडायचं होतं. परीक्षेत या प्रश्नाखाली पुस्तकांची लांब यादी दिलेली असते. राल्फ एलिसन यांची ‘इनव्हिजिबल मॅन’ त्या यादीत सर्वांत जास्त वेळा येणाऱ्या कादंबऱ्यांपैकी एक आहे. झुंपा लाहिरी यांची ‘द नेमसेक’ आणि अरुंधती रॉय यांची ‘द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज’ ही नावंही तिच्यात येऊन गेली आहेत. पण यादीबाहेरचं, त्याच तोलाचं पुस्तकही चालतं. भाचीने विचारलं, ‘‘मावशी, मग मराठीतलं चालेल का गं?’’ बहिणीच्या कपाटात तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक होतं, आणि प्रिया आडारकर यांचा इंग्रजी अनुवादही. भाचीला मराठी वाचता येतं, पण अडखळत. तिने दोन्ही शेजारी ठेवून वाचायचं ठरवलं.

त्या निबंधाच्या निमित्ताने मला गुण द्यायची रीत कळली. २०१९ पर्यंत प्रत्येक निबंधाला नवांपैकी गुण, निबंध एकूण कसा वाटला यावरून मिळायचे. आता सहा गुण आहेत आणि ते तीन कप्प्यांत वाटलेले आहेत. पहिला एक गुण प्रतिपादनाला. म्हणजे पुस्तकाबद्दल असा दावा, ज्याच्याशी वाद घालता येईल आणि जो सिद्ध करावा लागेल. प्रश्नातलंच वाक्य फिरवून लिहिलं तर शून्य. चार गुण पुराव्याला आणि त्यावरच्या भाष्याला. उरलेला एक गुण मुलाने पुस्तकातली गुंतागुंत ओळखली का, यासाठी. परीक्षकांनी हा निबंध घाईत लिहिलेला पहिला खर्डा समजूनच वाचायचा असतो. त्यामुळे अर्थ लागण्यात अडथळा येत नसेल, तर व्याकरणाच्या चुकांसाठी गुण जात नाहीत.

भाचीने पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं: नाटकमंडळी वेळ घालवायला आपल्यातल्याच बेणारेवर खोटा खटला चालवतात, हळूहळू तिचं खाजगी आयुष्य उघडं पाडतात, शेवटी ती कोलमडते. सगळं खरं. पण त्याला चारांपैकी फार तर एक गुण. कारण हा सारांश आहे, आणि सारांश सांगायला नाटक वाचावं लागत नाही. शिक्षिकेने शेजारी एवढंच लिहिलं होतं: ‘वस्तू शोध.’

तिला कडी सापडली. नाटकाच्या सुरुवातीला बेणारे रिकाम्या सभागृहात येते ती दाराच्या कडीत बोट चेमटवूनच. पुढे खेळातला खटला अंगावर यायला लागल्यावर ती पर्स उचलून निघू पाहते, तेव्हा दार उघडत नाही. पहिल्या वेळी कडी ही साधी बारीकशी दुखापत आहे, कोणाच्या लक्षातही राहणार नाही अशी. दुसऱ्या वेळी ती सुटकेची वाट बंद करते. भाचीने दोन्ही जागा एकमेकींशेजारी ठेवल्या आणि दावा मांडला की बेणारेला या खेळातून बाहेर पडायची मुभा पहिल्यापासूनच नव्हती, आणि ‘हा तर खेळ आहे’ हे वाक्यच बाकीच्यांना क्रूर व्हायची परवानगी देतं. हा झाला पुरावा आणि भाष्य. गुंतागुंतीचा गुण तिला नाटकातल्या सामंताने मिळवून दिला. शेवटी सगळे निघतात आणि सामंत कापडी हिरवा पोपट हलकेच बेणारेजवळ ठेवतो. त्या खोलीतला सर्वांत सज्जन माणूस तोच. पण याच सामंताने खटल्यात वाचत असलेल्या कादंबरीतला मजकूर साक्ष म्हणून दिलेला असतो. मग पोपट ठेवणं ही माया आहे, की न उच्चारलेली माफी? भाचीने उत्तर दिलं नाही. प्रश्न नीट उभा केला.

मी हे नाटक तीनदा पाहिलं आहे. कडी मला कधी दिसली नव्हती.

समासातल्या नोंदींची सक्ती कशासाठी, तेही मग कळलं. कडी पहिल्या वाचनात महत्त्वाची नसते. दुसरी कडी आल्यावर पहिली आठवावी लागते, आणि चाळीस मिनिटांच्या निबंधात ती शोधायला वेळ नसतो. कुठे थांबलो, कुठे गोंधळलो, कुठला शब्द पुन्हा आला, हे त्या पेन्सिलीच्या रेघा धरून ठेवतात. भाचीच्या शिक्षिका वह्या तपासत नाहीत, पुस्तकं चाळतात. नुसते पिवळे पट्टे ओढलेले असतील तर परत पाठवतात. पट्टा म्हणजे डोळा तिथून गेला एवढंच. प्रश्न लिहिलेला असेल तर मन तिथे थांबलं.

वर्गातल्या चर्चेचेही नियम त्या चार पानांत होते. खुर्च्या गोल मांडायच्या, हात वर करायचा नाही, बोलताना पानाचा क्रमांक सांगायचा. ही रीत एक्सेटरच्या शाळेत एडवर्ड हार्कनेस यांच्या १९३० च्या देणगीतून आलेल्या लंबगोल टेबलांची आठवण करून देते. तिथे बाराएक मुलं आणि शिक्षक एकाच टेबलाभोवती बसतात. भाचीच्या वर्गात अठ्ठावीस मुलं आहेत, म्हणून आत एक गोल आणि बाहेर एक. बाहेरचे फक्त ऐकतात आणि लिहितात, मग जागा बदलतात. पान क्रमांकाची अट मला सर्वांत आवडली. ‘मला असं वाटतं’ म्हणायला मोकळीक आहे, पण ते कुठून वाटलं हे दाखवावं लागतं.

नकलेविरुद्धचे नियम जुन्या लढाईचे आहेत. ‘क्लिफ्सनोट्स’ ही पिवळ्या-काळ्या मुखपृष्ठांची सारांशपुस्तकं १९५८ पासून निघताहेत. १९९९ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी ‘स्पार्कनोट्स’ सुरू केलं आणि तेच फुकट झालं. आता चॅटबॉट कोणत्याही कादंबरीवर पाच परिच्छेद क्षणात लिहून देतो. म्हणून अनेक शिक्षकांनी घरचा निबंध कमी करून वर्गात हाताने लिहिणं वाढवलं आहे. परीक्षा मात्र मे २०२५ पासून संगणकावर होते. मला शून्य गुणांच्या धमकीपेक्षा वर्गात लिहून घेणं जास्त माणुसकीचं वाटतं. ते मुलावर संशय घेत नाही. उशिराबद्दल रोज दहा टक्के कापण्याची पद्धत मात्र मला पटत नाही. ज्या मुलाला शाळा सुटल्यावर दुकानात काम करावं लागतं, त्याच्या घड्याळाशी ती न्याय करत नाही.

बहिणीने न वाचता सही केलेली जागा शेवटच्या पानावर होती. तिथे लिहिलं होतं की काही पुस्तकांत हिंसा आणि लैंगिक प्रसंग आहेत, आणि पालकांची हरकत असेल तर मुलाला दुसरं पुस्तक दिलं जाईल. या ओळीमागे मोठा वाद आहे. टोनी मॉरिसन यांच्या ‘बिलव्हेड’ला १९८८ मध्ये पुलित्झर मिळालं. गुलामगिरीतून पळालेल्या आईची ती कादंबरी आहे. व्हर्जिनियात बारावीच्या एपी वर्गातल्या एका मुलाच्या आईने तिच्यावर हरकत घेतली. पुढे राज्याच्या विधिमंडळाने असा मजकूर असलेल्या पुस्तकांची पालकांना आगाऊ सूचना द्यावी आणि पर्याय द्यावा असं विधेयक संमत केलं, आणि २०१६ मध्ये गव्हर्नर टेरी मॅकॉलिफ यांनी नकाराधिकार वापरून ते रोखलं. २०२१ च्या गव्हर्नरपदाच्या प्रचारातही हाच प्रसंग जाहिरातीत आला. २०२२ मध्ये कॉलेज बोर्डाने आपली तत्त्वं जाहीर केली. एपी मुलांच्या गळी मतं उतरवण्याच्या विरोधात आहे आणि सेन्सॉरशिपच्याही. विषयाला आवश्यक असलेला भाग शाळेने बंद केला, तर त्या वर्गाचं एपी हे नाव जाईल. आपल्या मुलासाठी दुसरं पुस्तक मागायचा आईवडिलांना हक्क आहे, असं मी मानते. शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या हातातलं पुस्तक काढून घ्यायचा हक्क मी मानत नाही.

आपल्या घरांतला प्रश्न वेगळा आहे. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत एपी म्हटलं की कॅल्क्युलस, फिजिक्स, कॉम्प्युटर. अनेक शाळांत एपीच्या वर्गाला गुणांच्या सरासरीत जादा वजन मिळतं, त्यामुळे मुलं वर्षाला चार-पाच घेतात, आणि साहित्य शेवटी उरलं तर. भाचीने आधी ते मागितलं, तेव्हा घरात दोन आठवडे चर्चा झाली होती. रात्री अकराला डोळे चोळत वीस पानं वाचण्यापेक्षा तेवढ्या वेळात गणित कर, हे बहिणीचं म्हणणं प्रेमापोटीच होतं. परीक्षेची फी साधारण शंभर डॉलर. ती भरून वर झोपमोड कशाला, हा प्रश्न आईने विचारायचाच असतो.

नोव्हेंबरात परत निघायच्या आदल्या रात्री भाचीचं पुस्तक मी मागून घेतलं. समास भरला होता. इंग्रजी, मधूनच मराठी, एका ठिकाणी नुसतं उद्गारचिन्ह. दार न उघडण्याच्या प्रसंगाजवळ तिने पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘मग कडी लावली कोणी?’ ती झोपली होती. मी मराठी प्रत घेतली आणि रंगसूचना पहिल्या पानापासून वाचायला बसले.