लस टोचणाऱ्यांना लस कोण टोचणार?

गाईने दोन दिवसांपासून चारा सोडलेला असतो. तोंडातून लाळ गळत असते, हंबरण्याचा आवाजही बदललेला असतो. घशात काहीतरी अडकले असावे, असे समजून मालक जनावरांच्या दवाखान्यात निरोप धाडतो. डॉक्टर येतात, मदतनीस दावे घट्ट धरतो आणि गाईच्या तोंडात हात घालून घसा चाचपला जातो. काहीच सापडत नाही. दोन-चार दिवसांत गाय दगावते आणि मग कोणाला तरी आठवते की, मागे तिला पिसाळलेला कुत्रा चावला होता.

त्या क्षणी साऱ्यांच्याच पोटात गोळा उठतो. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर त्यातून वाचलेली माणसे जगात अगदी मोजकीच आहेत. रोगी जनावराच्या लाळेत विषाणू असतात आणि हातावरची लहानशी जखम त्यांना शरीरात शिरायला पुरेशी होते.

आधीच घेतलेली लस

कुत्रा चावल्यावर इंजेक्शने घ्यावी लागतात, हे सर्वांनाच ठाऊक असते. पण हीच लस चावा बसण्यापूर्वीही घेता येते, हे फार थोड्यांना माहीत असते. पशुवैद्य, त्यांचे मदतनीस, भटकी कुत्री पकडणारे कर्मचारी, प्राणिसंग्रहालयातील रखवालदार आणि रेबीजच्या प्रयोगशाळेत काम करणारे यांनी ती आधीच घ्यावी, अशी शिफारस आहे. भारतात पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि त्यानंतर एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी असे तीन डोस देण्याची पद्धत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली दोन डोसही पुरेसे मानले.

याचा फायदा काय? लस न घेतलेल्या माणसाला रक्त येण्याजोगा चावा बसला, तर लसीचा पूर्ण क्रम आणि शिवाय जखमेत इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते. ते महाग असते आणि आडगावात वेळेवर मिळेलच, याची खात्री नसते. आधी लस घेतलेल्याला मात्र पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी असे दोनच डोस पुरतात, इम्युनोग्लोब्युलिनची गरज पडत नाही. पण हे दोन डोस चुकवायचे नाहीत. शिवाय जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे दोघांनाही आवश्यकच.

सुईचे भय

प्रयोगशाळेत रक्त तपासणाऱ्यांचा मोठा शत्रू म्हणजे हिपॅटायटिस बी, यकृताला सूज आणणारी कावीळ. तिचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. अशा रोग्याला वापरलेली सुई टोचली, तर लस न घेतलेल्या माणसाला लागण होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते. एड्सच्या विषाणूच्या बाबतीत ती सुमारे ०.३ टक्का आहे. तरीही लोक घाबरतात ते एड्सलाच!

हिपॅटायटिस बीची लस सुरुवातीला, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी अशी तीनदा घ्यायची असते. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून संरक्षण तयार झाले की नाही, हे पाहता येते. ही लस केवळ तंत्रज्ञांनी घेऊन भागत नाही. काचेच्या नळ्या धुणारा आणि कचऱ्याची पिशवी उचलणारी बाई यांनाही सुई टोचते. कचऱ्यातली सुई तर दिसतही नाही.

लस नाही, तेथे हातमोजे

काही रोगांवर माणसांसाठी लस उपलब्धच नाही. गाईम्हशींना गाभडवणारा ब्रुसेलोसिस हा त्यांपैकी एक. भारतात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना या रोगाची लस दिली जाते. गंमत अशी की, या लसीत जिवंत जंतू असतात. टोचणाऱ्याच्याच बोटात चुकून सुई घुसली किंवा डोळ्यात थेंब उडाला, तर लसीमुळेच त्याला रोग होऊ शकतो. मग चढता-उतरता ताप, घाम आणि सांधेदुखी महिनोन् महिने पिच्छा सोडत नाहीत. म्हणून तेथे हातमोजे आणि चष्मा हीच लस समजायची. गाभडलेल्या गाईचा जार उघड्या हाताने काढणे तर कटाक्षाने टाळायला हवे.

बर्मिंगहॅमचा धडा

१९७८ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या वैद्यकीय महाविद्यालयात जेनेट पार्कर नावाच्या छायाचित्रकार काम करीत. त्याच इमारतीत देवीच्या विषाणूवर संशोधन चाले. पार्कर यांचा त्या संशोधनाशी काही संबंध नव्हता. त्यांनी देवीची लस घेतली होती, पण १९६६ साली, म्हणजे बारा वर्षांपूर्वी. ऑगस्टमध्ये त्यांना देवी आल्या आणि ११ सप्टेंबरला त्यांचे निधन झाले. देवीने मरण पावलेल्या जगातील त्या शेवटच्या व्यक्ती. त्यांच्या आईलाही लागण झाली, पण ती बचावली.

यातून दोन गोष्टी कळतात. धोका केवळ विषाणू हाताळणाऱ्यालाच नसतो, आसपास वावरणाऱ्यालाही असतो. आणि एकदा घेतलेली प्रत्येक लस जन्मभर पुरतेच असे नाही. म्हणूनच रेबीजच्या जिवंत विषाणूवर काम करणाऱ्यांचे रक्त दर सहा महिन्यांनी तपासावे, असा सल्ला दिला जातो. धनुर्वाताची लसही दर दहा वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते.

घरच्यांनीही विचारावे

मुलाच्या लसींचे कार्ड आई जपून ठेवते. पण जनावरांच्या दवाखान्यात किंवा प्रयोगशाळेत जाणाऱ्या नवऱ्याचे, मुलीचे किंवा सुनेचे कार्ड कोठे आहे? नोकरीवर रुजू होतानाच कोणत्या लसी मिळतील, त्या रोजंदारीवरच्या माणसालाही मिळतील का आणि त्यांची नोंद कोठे राहील, हे विचारून घ्यावे. दिवस गेले असतील तर डॉक्टरांना आधी सांगावे. जिवंत जंतूंच्या लसी अशा वेळी टाळतात, रेबीज आणि हिपॅटायटिस बीच्या लसी मात्र गरज असल्यास घेता येतात.

सुई टोचली किंवा प्राणी चावला, तर साहेब रागावतील म्हणून ते लपवू नये. साहेबांचा राग दोन दिवसांत निवळतो. रेबीज मात्र अनेकदा महिनोन् महिने गप्प बसतो आणि एकदा बोलू लागला की, कोणाचेही ऐकत नाही.