सायबेरिया ओलांडणारी रेल्वे आणि बैकालचं क्रॉसिंग

(या भागाचं शब्दांकन. बोलतानाची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आज जगातल्या सगळ्यात लांब सलग रेल्वेमार्गाबद्दल बोलूया. ट्रान्स-सायबेरियन रेल्वे.

सुरुवात घड्याळापासून करतो, कारण टाइमझोन हा माझ्या पोटापाण्याचा प्रश्न आहे. आमच्या कामात पहिल्या आठवड्यात शिकवतात: वेळ सेव्ह करायची ती यूटीसीमध्ये, दाखवताना लोकल करायची. नाहीतर रात्री दोनला फोन येतो. रशियन रेल्वेने हेच कितीतरी वर्षं केलं. मॉस्कोपासून सात तास पुढे असलेल्या व्लादिवोस्तोकच्या स्टेशनवरही घड्याळ मॉस्कोची वेळ दाखवायचं, तिकिटावरही तीच. बाहेर संध्याकाळ झालेली आणि स्टेशनात अजून सकाळ! हा प्रकार थांबला थेट २०१८ मध्ये.

मॉस्को ते व्लादिवोस्तोक अंतर ९,२८९ किलोमीटर. म्हणजे मुंबई-दिल्ली हा प्रवास एकामागोमाग एक साधारण पावणेसात वेळा करायचा. गाडीत सहा-सात दिवस जातात.

बांधली कशासाठी?

१८८०च्या दशकात रशियाकडे पॅसिफिकपर्यंत जमीन होती, पण तिथे पोचायला घोडागाडी, बर्फावरची घसरगाडी आणि नद्यांतल्या बोटी. राजधानीतून निघालेला माणूस काही महिन्यांनी पोचायचा. शेजारी चीन, समोर ताकदवान होत चाललेला जपान. एवढ्या लांब सैन्य पाठवणार कसं, ही सरकारची धास्ती होती.

मे १८९१ मध्ये युवराज निकोलसने व्लादिवोस्तोकला कामाचा शुभारंभ केला. तो तेव्हा पूर्वेच्या लांबलचक दौऱ्यावर होता. डिसेंबर १८९० मध्ये आपल्या मुंबईतही उतरला होता. पुढे जपानात एका पोलिसानेच त्याच्यावर तलवार चालवली. त्यातून वाचला, आणि काही आठवड्यांत व्लादिवोस्तोकला मातीची ढकलगाडी ढकलून मोकळा झाला. हाच पुढे रशियाचा शेवटचा झार.

काम रेटलं ते अर्थमंत्री सर्गेई विट्टे यांनी. त्यांची पद्धत आमच्या स्टार्टअपवाल्यांना लगेच ओळखू येईल: आधी चालू करा, मग सुधारा. एकच लाइन, हलके रूळ, छोट्या नद्यांवर लाकडी पूल. मजूर म्हणून शेतकरी, सैनिक, चिनी कामगार आणि शिक्षा भोगणारे कैदीसुद्धा. थंडी, रोगराई आणि अपघात यांची किंमत या लोकांनी मोजली. पूर्वेच्या टोकाला अंतर वाचवण्यासाठी लाइन सरळ चीनच्या मांचुरियातून नेली.

रूळ गेले, गाव उठलं

ओब नदीवर पूल कुठे बांधायचा हे ठरवताना इंजिनिअर गारिन-मिखाइलोव्स्की यांच्या पाहणीत अशी जागा पुढे आली, जिथे पात्र तुलनेने अरुंद आणि तळ खडकाळ होता. तोम्स्क हे तेव्हाचं मोठं, विद्यापीठ असलेलं शहर मुख्य लाइनवरून सुटलं. त्याला नंतर फाटा मिळाला. आणि १८९३ मध्ये पुलाच्या मजुरांसाठी जी वस्ती पडली, ती आजचं नोवोसिबिर्स्क. लोकसंख्या सोळा लाखांच्या वर, रशियातलं तिसरं मोठं शहर. एका पुलाची जागा बदलली आणि दोन शहरांचं नशीब बदललं.

१९१४ पर्यंत तीस लाखांहून जास्त शेतकरी सायबेरियात गेले. तिथलं लोणी रेल्वेने निघून युरोपच्या बाजारात जाऊ लागलं. पण ती जमीन रिकामी नव्हती. बैकालच्या आसपास गुरं चारणाऱ्या बुर्यात लोकांच्या कुरणांवर या नव्या वसाहती उभ्या राहिल्या. रेल्वेच्या कौतुकात हे विसरायला नको.

बैकालला अडलं

आता मुद्द्याचं. गणपतीला कोकण रेल्वेने गेला असाल तर 'क्रॉसिंग' माहीत असेलच. बरीचशी लाइन एकेरी, त्यामुळे समोरची गाडी निघेपर्यंत आपली गाडी स्टेशनात उभी. इंजिन कितीही जोरकस असू दे, उपयोग नाही. किती गाड्या जाणार, हे लाइनमधली सगळ्यात अडचणीची जागा ठरवते.

सायबेरियात ही जागा होती बैकाल, जगातलं सगळ्यात खोल सरोवर. त्याचा दक्षिण काठ म्हणजे कडे आणि डोंगर. तिथे बोगदे खणायला वेळ आणि पैसा लागणार, म्हणून ते काम मागे ठेवलं. रूळ काठाशी संपायचे. इंग्लंडमध्ये बनवलेलं, सुटे भाग आणून तिथे जोडलेलं एक बर्फ फोडणारं जहाज डबे पलीकडे न्यायचं.

फेब्रुवारी १९०४ मध्ये रशिया-जपान युद्ध पेटलं. ऐन थंडीत सरोवर गोठलेलं, जहाज निरुपयोगी. मग चक्क बर्फावर रूळ टाकले! इंजिन चालवून बघितलं, तर बर्फ फुटून ते आत गेलं. शेवटी डबे घोड्यांनी ओढले, इंजिनं सुटी करून नेली आणि सैनिक बर्फावरून पायी चालले. हजारो किलोमीटरची लाइन तयार, आणि सैन्य अडकलं ते चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरच्या तुटलेल्या तुकड्यावर.

बैकालला वळसा घालणारी, तीन डझनांहून जास्त बोगद्यांची लाइन घाईघाईने पुरी झाली, पण १९०५ मध्ये रशिया युद्ध हरला. पराभवाची कारणं अनेक होती. कुमक उशिरा आणि थोडी-थोडी पोचणं हे त्यांतलं एक मोठं कारण.

मग धडा घेतला

मांचुरियातल्या शॉर्टकटचा भरवसा राहिला नाही. म्हणून आमूर नदीच्या बाजूने पूर्ण रशियाच्या हद्दीतून लाइन बांधली. १९१६ मध्ये खाबारोव्स्कचा आमूरवरचा अडीच किलोमीटरहून लांब पूल झाला, आणि तेव्हा कुठे ही रेल्वे खऱ्या अर्थाने पूर्ण झाली. पुढे लाइन दुहेरी केली. १९४१ मध्ये जर्मन फौजा आल्या, तेव्हा पश्चिमेकडचे दीड हजारांहून जास्त मोठे कारखाने सोडवून गाड्यांत घातले आणि पूर्वेकडे हलवले. त्यांतले बरेच याच वाटेने सायबेरियात गेले. तिथे रणगाडे आणि तोफा बनू लागल्या. या वेळी लाइन टिकली.

२००२ मध्ये विद्युतीकरण पूर्ण झालं. उत्तरेकडून बायपास म्हणून सुमारे ४,३०० किलोमीटरची बैकाल-आमूर लाइनही आहे. तरी २०२२ नंतर रशियाचा व्यापार युरोपकडून आशियाकडे वळला, पूर्वेच्या बंदरांकडे कोळशाची गर्दी झाली, आणि या लाइनी पुन्हा अपुऱ्या पडू लागल्या.

माझ्यापुरतं सांगतो. 'हा भाग नंतर करू' असं प्रोजेक्टमध्ये कुणी म्हटलं की मला आता बर्फात गेलेलं ते इंजिन आठवतं. नंतर करायला हरकत नाही. फक्त तो तुकडा लाइनच्या मधला आहे की टोकाचा, एवढं आधी विचारायचं.

पुढच्या वेळी क्रॉसिंगला गाडी थांबली की हा भाग पुन्हा ऐका. अर्धा तास सहज जाईल. भेटूया!