तळण नाही, तरी कुरकुरीत!

कढईभर तेल न जाळता चिकन विंग्ज कुरकुरीत होतात? होतात की! खरा शत्रू पाणी. विंग्ज अगदी कोरड्या पुसा, किलोला मोठा चमचाभर बेकिंग पावडर आणि मीठ चोळा. (सोडा नको हं, साबणासारखी चव येते.) जाळीवर मांडून, ओव्हनमध्ये २२० अंशांवर ४५ मिनिटं, मध्ये एकदा उलटा.

तोवर सोया सॉस, मध, आलं-लसूण आणि थोडं व्हिनेगर आटवा. पण लावायची घाई नको! मध आधी लावलात तर वरून काळं, आतून कच्चं. हाडाजवळचा रस स्वच्छ दिसला, की सॉस लावून आणखी पाचच मिनिटं. वर भाजलेले तीळ. आणि हो, टिश्यू भरपूर ठेवा.